बोरमाळचं हेलिकॉप्टर

बोरमाळच्या ग्रामपंचायतीत बुधवारी सकाळी साडेदहाला जो विषय निघाला, त्यावर नऊपैकी आठ सदस्यांचं एकमत होतं. शूटिंगचं काम प्रसेनजीत कांबळेला द्यायचं नाही. नववे सदस्य म्हणजे सरपंच बाळासो चौगुले. मत त्यांचंही तेच होतं, पण कोल्हापुरातल्या दोन व्हिडिओवाल्यांना त्यांनी आदल्या दिवशी फोन केले होते आणि लग्नसराईमुळं दोघांनाही रविवारपर्यंत सवड नव्हती. कॅसेट पन्हाळ्याला पोचवायची होती शनिवारी दुपारी बाराच्या आत.

प्रसेनजीत समोरच्याच खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होता. त्याच्यादेखत बोलण्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

"आमच्या मोनाच्या लग्नाची कॅसेट बघितल्यापासनं माझी चुलती टीव्हीपुढं बसत न्हाय," बाळासो म्हणाले. "उलटी झाली म्हातारीला. लग्नात एवढं जेवली तवा काय झालं न्हाय, आन कॅसेट बघून झालं."

हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २००१ साली, प्रसेनजीत धंद्यात नवा होता. अक्षता पडताना त्यानं नवरीवरून मांडवावर आणि मांडवावरून नवऱ्यावर असा कॅमेरा फिरवला होता आणि चारशे माणसं दीड सेकंदात उरकली होती. कॅसेटवर माणसं नव्हतीच. फेट्यांचा एक गुलाबी पट्टा आणि साड्यांचा एक हिरवा पट्टा, एवढंच. आहेर करणाऱ्या सदतीस जणांपैकी चेहऱ्यानिशी ओळखू येत होते चार. उरलेले तेहतीस अजून रस्त्यात अडवून विचारत, "आमी आलतो का न्हाय लग्नाला?" त्याचं नाव भोवरा पडलं होतं. तो दिसला की लोक तोंडानं काही बोलत नसत, नुसतं बोट हवेत गरगर फिरवत.

त्या लग्नानंतर प्रसेनजीतनं एकच गोष्ट घोटून घोटून शिकून घेतली होती. कॅमेरा फिरवताना एखादी वस्तू चित्राच्या एका कडेनं आत आली की दुसऱ्या कडेनं बाहेर जायला तिला निदान सात सेकंद लागले पाहिजेत. सहा झाले की कडा पुसट होतात, आणि तीन झाले की मोनाचं लग्न होतं. पण हे शिकल्याचं दाखवायला गावानं त्याला त्यानंतर कामच दिलं नव्हतं. बायकोचा भाऊ अतुल हातकणंगल्याच्या बाजूला सूतगिरणीत होता. त्यानं तिथं एक जागा बघून ठेवली होती आणि हो-नाही शनिवारपर्यंत कळवायला सांगितलं होतं. हे काम जमलं नाही तर कॅमेरा विकून सोमवारी पहिल्या पाळीला हजर व्हायचं, असं प्रसेनजीतनं मनाशी ठरवलं होतं. दीक्षाला, म्हणजे बायकोला, त्यानं ते सांगितलंही होतं. 

काम होतं स्वच्छ गाव स्पर्धेचं. तालुक्याच्या समितीला प्रत्येक गावात जायला वेळ नव्हता, म्हणून आधी कॅसेट मागवली होती. अट अशी की संपूर्ण गाव उंचावरून, चारी दिशांनी, एका दमात आणि मध्ये कुठंही न तोडता दिसलं पाहिजे. आदल्या वर्षी एका गावानं एकच गल्ली झाडून ती चार बाजूंनी घेतली होती आणि चार गल्ल्या म्हणून खपवली होती. त्यामुळं यंदा ही अट आली.

"उंचावरनं म्हणजे कुठनं?" बाळासो म्हणाले. "पाण्याच्या टाकीवरनं घ्यावं तर टाकी गावाच्या कडंला. आता काय हेलिकॉप्टर आणू?"

"काठी लावू की," हंबीरराव म्हणाले.

हंबीरराव तालमीचे वस्ताद. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गावाची सासनकाठी जाते. तीस-पस्तीस फुटांचा सजवलेला बांबू, तो पेलणारा एक गडी, चार दोऱ्यांनी तोल सांभाळणारे चौघं आणि पुढं हलगी. अठरा वर्षं ही काठी हंबीररावांच्या पोरांनी एकदाही जमिनीला टेकू दिली नव्हती.

"देवाची काठी मिळायची न्हाय," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "पर गगनबावड्याकडनं आणल्यालं नवं कळक पडल्यात तालमीत. शेंड्याला कॅमेरा बांधायचा, उभा करायचा, आन फिरवायचा. त्यात काय हाय?"

प्रसेनजीतकडं लग्नाचा मोठा कॅमेरा होता, तो खांद्यालाच जड व्हायचा. पण अतुलचा पाऊण किलोचा हँडीकॅम चार दिवसांसाठी घरी आलेला होता. त्यानं तो मनातल्या मनात बांबूच्या शेंड्याला बांधून बघितला आणि हो म्हणाला.

गुरुवारी सकाळी आठला तालमीपुढच्या मैदानात पहिला प्रयोग झाला. गावाच्या मधोमध असलेली ही सगळ्यात उंच जागा. कॅमेरा चालू करून, फडक्यात गुंडाळून सुतळीनं बांधला. हंबीररावांसकट सहा गडी सरसावले. पण बांबू काही उचलला जाईना.

"काय झालं?" प्रसेनजीतनं विचारलं.

"हलगी न्हाय," एक जण म्हणाला.

"हलगी कशाला? हे शूटिंग हाय."

"आरं, हलगीबिगर हात कसा उठंल?" हंबीरराव म्हणाले. "अठरा वर्सांची सवय हाय. चार ठोकं पडू देत, लगेच बंद करू."

हलगीवाला आला. चार ठोके पडले. बांबू उभा राहिला. पाचव्या ठोक्याला पेलणाऱ्या गड्याचा पाय उचलला गेला, आणि पुढं जे झालं त्यात कुणाचाच दोष नव्हता. हलगी वाजली की काठी नाचवायची, एवढंच ती पोरं लहानपणापासून शिकली होती. बांबू मैदानभर नाचला. प्रसेनजीत खाली हात पसरून, वर अतुलच्या कॅमेऱ्याकडं बघत, बांबू जाईल तिकडं पळत होता.

ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर साडेनऊला ते चित्रण बघण्यात आलं. देवळाचं शिखर डावीकडून येऊन उजवीकडं गेलं आणि लगेच खालून वर आलं. मग आभाळ. मग प्रसेनजीतचं तोंड आणि पसरलेले हात. मग पुन्हा आभाळ.

"भोवराच हाय की," मागून आवाज आला. बाळासोंनी टीव्ही बंद केला आणि चुलतीला आत बोलावू नका म्हणून सांगितलं.

दुपारी दुसरा प्रयोग. हलगीवाल्याला चहाला पाठवलं होतं. प्रसेनजीतनं हिशोब समजावून सांगितला. कॅमेऱ्यात एका वेळी गावाचा नववा हिस्सा मावतो. सात नव्वे त्रेसष्ट. म्हणजे एक फेरा त्रेसष्ट सेकंदांत, ना कमी ना जास्त.

"घड्याळ कोण बघणार? हात गुतल्यात," हंबीरराव म्हणाले. "तोंडानं मोजू. काय रं?"

सहाही जण मोजू लागले. वीसपर्यंत उत्तम चाललं. एकविसाला आवाज चढला. तिसाच्या पुढं तालमीत बैठका मोजतात तशी लय आली आणि बैठका मोजताना शेवटी शेवटी जोर लावायचा असतो. पस्तीस ते त्रेसष्ट हा पल्ला त्या सहा जणांनी बरोबर नऊ सेकंदांत गाठला आणि बांबूनं अर्धं गाव त्याच नऊ सेकंदांत बघून घेतलं. टीव्हीवर उत्तरेकडची घरं कौलांसकट स्वच्छ दिसत होती. दक्षिणेकडचं गाव मोनाच्या लग्नाला गेल्यासारखं दिसत होतं.

"आमची बाजू चांगली आलीया," उत्तरेकडचा सदस्य म्हणाला.

संध्याकाळी प्रसेनजीत घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्याची आई शेवंताबाई आतल्या खोलीत जात्यावर तांदळाच्या कण्या भरडत होती. पीठ गिरणीतून यायचं, पण भरड कधी तिनं गिरणीच्या हवाली केली नव्हती. जात्याबरोबर तिची ओवी चालली होती.

"सोमवारी जातो," प्रसेनजीत म्हणाला. "अतुलला फोन कर."

दीक्षा अंगणवाडीत शिकवायची. तिच्या मनगटावर सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ होतं. ती घड्याळाकडं बघत होती, नवऱ्याकडं नाही.

"जरा गप बसा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "सात."

"काय सात?"

"आत्यांच्या ओवीची एक ओळ. सात सेकंद. पाच ओळी मोजल्या, पाचीच्या पाची सात. ते सहा पैलवान कशाला पाहिजेत तुम्हाला? मोजायचं बी ह्याच करत्यात आन फिरवायचं बी ह्याच."

प्रसेनजीत उठून आत गेला. जातं त्यानं जन्मापासून बघितलं होतं. आज पहिल्यांदा ते कॅमेऱ्याच्या कामाचं यंत्र म्हणून बघितलं. वरची तळी खिळ्यावर फिरत होती, ना डुगडुग ना हिसका.

"आई, हे जातं मैदानात न्यायचं हाय."

"न्हे की," शेवंताबाई म्हणाली. "पर मला बी न्यावं लागंल. दुसऱ्याच्या हातात त्ये चालत न्हाय."

शुक्रवारी सकाळी चौघांनी जातं उचलून मैदानात आणलं. बांबू पोकळ. जात्याच्या मधला खिळा त्याच्या पोटात अलगद गेला. बुंध्याला चारी बाजूंनी लाकडी पाचरी ठोकून प्रसेनजीतनं तो वरच्या तळीत घट्ट केला. वर, कॅमेऱ्याच्या खाली, वंगण लावलेली लोखंडी कडी घातली, आणि चार दोऱ्या बांबूला न बांधता त्या कडीला बांधल्या. बांबू कडीत फिरणार, दोऱ्या जागेवर राहणार.

"मग आमी करायचं काय?" हंबीररावांनी विचारलं.

"उभं राहायचं. हालायचं न्हाय."

हंबीररावांनी पोरांकडं बघितलं. "आयला, हे आवघड काम दिलंस."

खालच्या तळीच्या कडेवर दीक्षानं खडूनं नऊ खुणा केल्या. कुठली खूण कुठल्या बाजूला, हे प्रसेनजीतनं मोठ्यानं सांगितलं. पहिली देवळाकडं, दुसरी शाळेकडं, तिसरी बुद्धविहाराकडं, असं करत आठवी सरपंचांच्या घराकडं आणि नववी ओढ्याकडं. ओवीची एक ओळ म्हणजे एक खूण. मध्ये थांबायचं नाही.

आता अडचण एवढीच राहिली की बांबूच्या वजनानं जातं एकटीला ओढेना. समोरून खुंटा धरायला दुसरी बाई पाहिजे होती. मैदानाभोवती पन्नासेक बायका उभ्या होत्या. त्यांतून सरपंचांच्या पत्नी शालूबाई पुढं आल्या, पदर खोचला आणि शेवंताबाईच्या समोर मांडी घालून बसल्या. चौगुल्यांच्या घरची सून कांबळ्यांच्या जात्याला बसली, हे मैदानातल्या प्रत्येकानं बघितलं. 

"वैनी, हात नुसता लावून ठेवा," शेवंताबाई म्हणाली. "जोर माझा."

"जोर हाय मला," शालूबाई म्हणाल्या.

ओवी सुरू झाली. जातं निघालं. कॅमेरा देवळावरून शाळेकडं वळला, आणि मैदानात एवढी शांतता पसरली की दोरी धरलेल्या एका गड्याला शिंक आली ती त्यानं गिळली. प्रसेनजीत वर कॅमेऱ्याकडं बघत होता. शेंडा जराही थरथरत नव्हता. त्याला खाली बघायची गरजच वाटली नाही.

चार वाजता ग्रामपंचायतीत चाळीस माणसं जमली. टीव्ही लावला. देवळाचं शिखर आलं, सावकाश सरकलं, आणि शाळेचं छप्पर आलं.  माणसं आपलं गाव पहिल्यांदाच वरून बघत होती आणि घर ओळखू आलं की नुसतं बोट दाखवत होती. विहाराच्या गच्चीवरचा निळा झेंडा दिसला. धोंडुबाईचं वाळत घातलेलं लुगडं दिसलं. लुगड्याचे काठही दिसले.

"माझं हाय ते," धोंडुबाई म्हणाली, आणि कौतुकानं इकडं तिकडं बघितलं.

प्रसेनजीतनं दीक्षाकडं बघितलं. ती हसत होती.

मग आठवी खूण आली. सरपंचांचं घर, घरामागं गोठा, आणि गोठ्यामागं पुरुषभर उंचीचा उकिरडा. "गावात एकही उकिरडा शिल्लक नाही" असं सरपंचांनी समितीला सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं, आणि चाळीसपैकी आठ जणांनी त्या कागदाला अनुमोदन दिलं होतं. उकिरडा अगदी स्पष्ट दिसत होता. त्यावर एक म्हैस रेलली होती आणि शेंड्यावर एक कोंबडी होती.

सात सेकंद झाले. उकिरडा तिथंच होता. दहा झाले.

"कॅसेट अडकली काय?" कुणीतरी विचारलं.

"न्हाय," दुसरा म्हणाला. "कोंबडी हालायलीया की."

एकविसाव्या सेकंदाला उकिरडा सरकला आणि ओढा आला. फेऱ्याला त्रेसष्टऐवजी सत्त्याहत्तर सेकंद लागले होते. चौदा सेकंद कुठं गेले ते कुणाला विचारायची गरज नव्हती.

प्रसेनजीतनं आईला बाजूला घेतलं. "आठव्या खुणंला काय झालं?"

"शालूवैनीनी खुंटा दाबून धरला. मला वाटलं, हात भरून आला आसंल. मग मी तीच वळ परत म्हटली." शेवंताबाईनं दोन बोटं दाखवली. "दोनदा."

"तुला कळलं न्हाय?"

"दोन वर्सं झाली तिला घरात सांगून, उकिरडा काढा म्हणून. सगळ्या गावाला ठावं हाय. मला कळाय काय हाय त्यात?"

पलीकडं शालूबाई टीव्हीकडं शांतपणे बघत होत्या, दुसऱ्याच कुणाचा उकिरडा असावा तशा.

बाळासो प्रसेनजीतला घेऊन कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेले. आधी त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"चित्र झकास आलंय. नाद न्हाय. आता एक काम कर. तोडायचं तर न्हाय, आट हाय. पर उद्या परत एक फेरा घे, आन आमच्या घरावर आलास की, मोनाच्या लग्नात केलंतास बघ, तसं जरा गर्रकन. तेवढ्यापुरतं."

प्रसेनजीतनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. गेली दोन वर्षं ज्यावरून लोक बोट फिरवत होते, तेच आज गावचा सरपंच आडोशाला येऊन मागत होता.

"न्हाय जमायचं, आण्णा."

"आरं, तुला तर येत हुतं की ते."

"न हालवता फिरवायला शिकाय मला दोन वर्सं लागली. आता परत हालवाय शिकायचं तर शनिवार पुरायचा न्हाय. त्यापेक्षा ट्रॅक्टर आणा."

 बाळासोंनी हाक मारून ट्रॅक्टर मागवला. संध्याकाळी पाच ते साडेसहा उकिरड्याच्या पाच खेपा शेतात गेल्या. हंबीररावांची पोरं फावडी घेऊन आली होती. या कामाला मात्र हलगी चालली. शालूबाई मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. पाचवी खेप गेल्यावर त्यांनी जागा झाडून घेतली आणि सडा टाकला.

शनिवारी सकाळी साडेसातला दुसरा फेरा झाला. शेवंताबाई गायली, शालूबाईंनी साथ दिली आणि जातं नऊ खुणांवरून कुठंही न अडखळता फिरलं. दीक्षाच्या घड्याळात त्रेसष्ट सेकंद. सरपंचांचं परसू बाकीच्या गावासारखंच सात सेकंदांत आलं आणि गेलं. प्रसेनजीतनं मोठ्या कॅसेटवर प्रत काढून अकरा चाळीसला पन्हाळ्यात दिली, पोच घेतली, आणि तिथल्याच टेलिफोन बूथवरून अतुलला फोन लावला. सूतगिरणीची जागा दुसऱ्या कुणाला तरी सांग, आणि हँडीकॅम अजून आठ दिवस ठेवून घेतो, एवढंच तो बोलला.

तीन आठवड्यांनी समितीचं पत्र आलं. त्याआधी समिती स्वतः येऊन गाव बघून गेली होती. पत्रात दोन मुद्दे होते. पहिल्यात बोरमाळ तालुक्यात पहिलं आल्याबद्दल अभिनंदन होतं. दुसरा मुद्दा असा : "सदर चित्रीकरणासाठी वापरलेले हेलिकॉप्टर कोणाच्या मालकीचे होते, ते कोणी चालवले व कोणाच्या परवानगीने उडवले, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा."

बाळासोंनी प्रसेनजीतला घरी बोलावून घेतलं. या वेळी चहा आधी आला.

"तूच लिव्ह बाबा," ते म्हणाले. "तुला नेमकं जमतंय."

प्रसेनजीतनं कागद घेतला आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "सदर हेलिकॉप्टर श्रीमती शेवंताबाई कांबळे यांच्या मालकीचे असून ते दगडी आहे. ते उडत नाही. चालक : स्वतः मालक व सौ. शालूबाई चौगुले." मग त्यानं पेन थांबवलं. "आण्णा, परवानगीचं काय लिव्हू?"

बाळासो विचारात पडले. सही आपलीच असायची, तेव्हा परवानगीही आपलीच लिहावी की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटत होतं.

"लिव्हा," शालूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मागितली नव्हती."

प्रसेनजीतनं तसं लिहिलं. बाळासोंनी कागद दोनदा वाचला आणि खाली सही केली, सावकाश, हात जराही न हलू देता.